पाठीवरचे ओझे

जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेसमोर पर्यटकांच्या बसगाड्या थांबतात, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीपुढे रांग लागते, आणि दर्शन आटोपले की बहुतेक मंडळी जेवणाच्या ओढीने पुन्हा गाडीत जाऊन बसतात. तिथून पश्चिमेला जरा चढण चढून गेले की ‘मोन्ते सांतो’ ही टेकडी लागते. तिच्यावर जांभ्या दगडाचा एक मनोरा आहे, किंवा खरे सांगायचे तर मनोऱ्याचा जेवढा भाग उरला तेवढा आहे. ऑगस्टिनियन पंथाचे साधू १५७२ मध्ये गोव्यात आले आणि १६०२ मध्ये त्यांच्या मठाचे भव्य चर्च पुरे झाले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने मठ बंद केले, ओस पडलेल्या चर्चचे छत १८४२ मध्ये खाली आले आणि विसाव्या शतकात दर्शनी भागही ढासळला. घंटा तेवढी वाचली. ती आज पणजीच्या चर्चमध्ये आहे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी तिथे गेले तेव्हा ज्यांच्या नावाने हा पंथ चालतो त्या संत ऑगस्टीन यांच्याविषयी मला फारच थोडे ठाऊक होते. तरुणपणी वाहवलेला, आईच्या अश्रूंनी मार्गावर आलेला आणि आपल्या पापांची कबुली देणारे पुस्तक लिहून अजरामर झालेला, असे ते ढोबळ चित्र होते. आपल्याकडे वाल्याचा वाल्मीकी झाल्याची कथा लहानपणापासून कानांवर पडलेली असते, त्यामुळे असे चरित्र समोर आले की मन त्याला लगेच त्याच कप्प्यात टाकते आणि मोकळे होते. गोव्याहून परतल्यावर मी वाचू लागले आणि लक्षात आले की पश्चात्तापाची ती प्रसिद्ध कथा त्यांच्या वयाच्या बत्तिसाव्या वर्षी संपते. त्यानंतर ते चव्वेचाळीस वर्षे जगले, आणि त्यांतली पस्तीसेक वर्षे उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील हिप्पो नावाच्या बंदरगावात त्यांनी बिशपचे काम केले. ते काम त्यांनी मागितलेले नव्हते. मी स्वतः तेहेतीस वर्षे महसूल खात्यात काढली, फेरफार, वारसनोंदी आणि बांध कोरल्याच्या तक्रारी यांत दिवस मोजले. कदाचित म्हणूनच असेल, पण मला त्या पश्चात्तापदग्ध तरुणापेक्षा हा नोकरी करणारा बिशप अधिक जवळचा वाटला. वाचताना माझ्याकडून एक गोष्ट नकळत होत गेली. तरुण ऑगस्टीनचा उल्लेख मी मनात ‘तो’ असा करत होते आणि हिप्पोत आल्यावर आपोआप ‘ते’ म्हणू लागले. इथेही तसेच ठेवते.

तो १३ नोव्हेंबर ३५४ रोजी थागास्ते या गावी जन्मला. हे गाव आज अल्जीरियात आहे, सूक अहरास या नावाने. वडील पात्रिसियस जुन्या रोमन देवतांना मानणारे, जमीनजुमला बेताचा, मुलाने शिकून मोठे व्हावे ही महत्त्वाकांक्षा मात्र मोठी. आई मोनिका ख्रिस्ती. पैशांअभावी सोळाव्या वर्षी त्याचे शिक्षण वर्षभर थांबले, मग गावातल्या एका धनिकाच्या मदतीने तो कार्थेजला गेला, वक्तृत्वशास्त्र शिकला आणि पुढे तेच शिकवू लागला. एका स्त्रीबरोबर तो सुमारे पंधरा वर्षे राहिला, तिच्यापासून त्याला आदेओदातुस नावाचा मुलगा झाला, आणि नंतर प्रतिष्ठित घरातले लग्न ठरल्यावर त्या स्त्रीला आफ्रिकेला परत धाडण्यात आले. एवढे आत्मकथन लिहिणाऱ्या माणसाने तिचे नाव मात्र कुठेही लिहिलेले नाही. मला हे खटकते.

३८३ मध्ये रोमला जायचे ठरले तेव्हा आई बरोबर यायचा हट्ट धरून बसली होती. एका मित्राला निरोप द्यायला बंदरावर जातो आहे अशी थाप मारून, तिला किनाऱ्याजवळच्या संत सिप्रियानच्या प्रार्थनास्थळी रात्र काढायला लावून, तो गलबतात बसून निघून गेला. सकाळी उठून ती रिकाम्या समुद्राकडे पाहत रडली. पण मोनिका रडून थांबणारी बाई नव्हती. ती पुढे समुद्र ओलांडून थेट मिलानमध्ये त्याच्या दारात हजर झाली. मोन्ते सांतोवर हे आठवले की हसू येते, कारण मुलाच्या नावाच्या पंथाचे ते पडके चर्च जिथे आहे त्याच्या समोरच, १६०६ मध्ये स्थापन झालेला, सांता मोनिकाचा भलाथोरला मठ अजून धडधाकट उभा आहे. मुलगा गोव्यापर्यंत आला तरी आई मागोमाग आलीच.

मिलानची कहाणी सर्वांना माहीत असते, म्हणून ती मी थोडक्यात सांगते. तिथला बिशप आंब्रोझ याची प्रवचने, ३८६ च्या ऑगस्टमध्ये बागेत ऐकू आलेला ‘उचल आणि वाच’ असा मुलाचा आवाज, पौलाच्या पत्रातल्या चार ओळी, आणि ३८७ च्या ईस्टरच्या रात्री झालेला बाप्तिस्मा. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर ओस्तिया बंदरात मोनिका वारली. आपला देह गावीच पुरावा असा तिचा पूर्वी आग्रह असे. शेवटी ती म्हणाली, कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका. ऑगस्टीन थागास्तेला परतला, वडिलोपार्जित मिळकतीचा मोह सोडून चार मित्रांसह प्रार्थना आणि वाचन यांत रमला. मुलगाही लवकरच गेला. आता आयुष्यभर असेच निवांत राहायचे, एवढीच त्याची इच्छा होती.

त्या काळी एखाद्या गावाला बिशप नसला की लोक जवळपास दिसेल त्या योग्य माणसाला धरून वेदीपुढे उभा करत. ऑगस्टीनची कीर्ती पसरली होती, त्यामुळे ज्या गावी बिशपची जागा रिकामी असेल तिकडे तो फिरकतही नसे. ३९१ मध्ये एका परिचिताला मठाकडे वळवावे म्हणून तो हिप्पोला गेला, आणि निर्धास्तपणे गेला, कारण तिथे वालेरियुस नावाचा बिशप होता. या वालेरियुसची मातृभाषा ग्रीक, वय झालेले, लॅटिन तोडकेमोडके. चर्चमध्ये त्याने सहज बोलावे तसे सांगितले की मला मदतीला एक धर्मगुरू हवा आहे. लोकांनी गर्दीतल्या ऑगस्टीनला ओळखले, धरले आणि पुढे ढकलले. तो रडू लागला. जवळच्या काही लोकांना वाटले की एकदम बिशप न करता नुसता धर्मगुरू केला म्हणून याला वाईट वाटते आहे, आणि त्यांनी त्याची समजूत घातली की तुझी योग्यता मोठी आहे खरी, पण ही पायरी त्या पदाच्या जवळचीच आहे! बढतीच्या आदेशांवरून रुसणारी माणसे सर्व युगांत असतात, आणि रडणारा प्रत्येक जण त्यांतलाच आहे असे समजणारी माणसेही असतात.

दीक्षा झाल्यावर त्यांनी वालेरियुसना एक पत्र लिहून धर्मग्रंथ अभ्यासण्यासाठी ईस्टरपर्यंत सवड मागितली. त्या पत्रात ते म्हणतात की वरवर उरकायचे ठरवले तर बिशपच्या, धर्मगुरूच्या कामाइतके सोपे आणि लोकांना खूष ठेवणारे दुसरे काम नाही. पण आपल्या सेनापतीच्या आज्ञेप्रमाणे करायचे म्हटले तर त्याहून कष्टाचे आणि जोखमीचे काहीच नाही. सैन्याची ही भाषा त्यांनी पुढेही सोडली नाही. ३९५ च्या सुमारास ते वालेरियुसच्या जोडीने बिशप झाले आणि त्या वृद्धाच्या पश्चात एकटेच उरले. तेव्हापासून आपल्या पदासाठी ते वारंवार ‘सार्सिना’ हा लॅटिन शब्द वापरत. सार्सिना म्हणजे रोमन सैनिकाने कूच करताना पाठीवर घ्यायचे गाठोडे, ज्यात शिधा, भांडी, अवजारे सगळे बांधलेले असते. मुकुट, सिंहासन, मेंढपाळाची काठी ही बिशपपदाची नेहमीची चिन्हे बाजूला ठेवून त्यांनी हे निवडले, यातच त्यांचा स्वभाव दिसतो.

या गाठोड्यात काय काय होते ते त्यांच्या चरित्रकाराने, कालामाचा बिशप पोसिडियस याने, लिहून ठेवले आहे. तो चाळीसएक वर्षे त्यांच्या सहवासात होता आणि चमत्कारांपेक्षा दिनक्रमाकडे त्याचे लक्ष अधिक, म्हणून मला तो विश्वासार्ह वाटतो. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळापासून बिशपांना दिवाणी तंटे सोडवण्याचा अधिकार होता. हिप्पोचे लोक जमिनीचे, वारसाहक्काचे, देण्याघेण्याचे वाद घेऊन सकाळपासून ऑगस्टीन यांच्याकडे येत. कधी जेवणाच्या वेळेपर्यंत, कधी दिवसभर उपाशीपोटी सुनावणी चाले. ते म्हणत की मला मित्रांपेक्षा अनोळखी लोकांचे तंटे सोडवणे आवडते, कारण अनोळखी दोघांपैकी एक तरी निकालानंतर मित्र होतो, आणि मित्रांपैकी एक हमखास तुटतो. हे वाक्य मी आमच्या कचेरीतल्या भिंतीवर लावले असते. मठातल्या साधूंच्या श्रमांविषयी लिहिताना एके ठिकाणी तर ते उघड सांगतात की परक्यांच्या भांडणांच्या या गुंत्यापेक्षा ठरावीक तास हातांनी काम करून उरलेला वेळ वाचनाला मिळाला असता तर मी आनंदाने ते पत्करले असते. ‘मला जमिनीच्या वादांत रस नाही, पण तारीख दिली आहे’ ही अवस्था मी पुरेपूर अनुभवली आहे, आणि पाचव्या शतकातला कोणी माणूस ती इतक्या सरळपणे लिहून ठेवील असे मला कधी वाटले नव्हते.

त्यांच्या जेवणाच्या मेजावर दोन ओळी कोरलेल्या होत्या, त्यांचा आशय असा की गैरहजर माणसाची निंदा चघळण्याची ज्याला आवड आहे त्याने या मेजावर बसू नये. एकदा काही बिशप मित्रच कुजबुजू लागले तेव्हा ऑगस्टीन चिडून म्हणाले की एक तर या ओळी पुसून टाका, नाहीतर मी उठून माझ्या खोलीत जातो. चमचे तेवढे चांदीचे, बाकी भांडी माती, लाकूड वा संगमरवराची. कैद्यांना सोडवण्यासाठी पैसा कमी पडला तेव्हा त्यांनी चर्चची पात्रे वितळवली. आणि या सगळ्यात लेखन चालूच होते. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांचा राजा अलारिक याने रोम लुटल्यावर ‘ईश्वराचे नगर’ हा बावीस खंडांचा ग्रंथ त्यांनी ४१३ ते ४२६ अशी तेरा वर्षे टप्प्याटप्प्याने लिहिला, तो याच सुनावण्यांच्या अधल्यामधल्या वेळात.

२६ सप्टेंबर ४२६ चा एक दस्तऐवज मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो शब्दशः रोजनामा आहे. त्या दिवशी एकाहत्तर वर्षांच्या ऑगस्टीन यांनी चर्चमध्ये लोकांसमोर एराक्लियुस या धर्मगुरूला आपला वारस म्हणून जाहीर केले, आणि लघुलेखकांनी बिशपचे बोलणे तर टिपलेच, लोकांच्या घोषणाही मोजून टिपल्या. ‘देवाचे आभार, ख्रिस्ताची स्तुती’, ही घोषणा तेवीस वेळा. ‘ख्रिस्ता, ऐक, ऑगस्टीनला आयुष्य दे’, ही सोळा वेळा. वारसाला लगेच बिशप करणार नाही, असेही त्यांनी सांगितले, कारण वालेरियुस हयात असताना आपल्याला बिशप केले ते नियमाविरुद्ध होते, आणि तो नियम तेव्हा दोघांनाही माहीत नव्हता. मग ते मूळ मुद्द्यावर आले. धर्मग्रंथांवरच्या कामासाठी आठवड्यातले पाच दिवस मला मोकळे ठेवाल असे तुम्ही पूर्वी कबूल केले होते, त्याचीही नोंद झाली होती, घोषणाही झाल्या होत्या. थोडे दिवस ते पाळलेत आणि मग पुन्हा सकाळ-दुपार माझ्यावर लोटलात. आता तरी तुमची कामे या तरुणाकडे न्या. लोकांनी पुन्हा जोरदार होकार भरला, आणि त्याही घोषणांची नोंद झाली.

पण ऑगस्टीन यांना केवळ राबणारा सज्जन म्हणून रंगवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांची एक चूक त्यांनीच लिहून ठेवली आहे. हिप्पोपासून चाळीस मैलांवरच्या फुस्साला या खेड्यात प्यूनिक बोलली जाई, म्हणून ती भाषा जाणणारा बिशप हवा होता. ठरलेला उमेदवार ऐन वेळी मागे हटला, आणि त्यांनी घाईत अंतोनिनुस या विशीतल्या मठवासी तरुणाला नेमले. त्याने गावकऱ्यांना अक्षरशः लुटले. पैसा, कपडे, गुरे, पिके, लाकूड, दगडसुद्धा सोडले नाहीत. प्रकरण रोमच्या पोपपर्यंत गेले तेव्हा ऑगस्टीन यांनी लिहिले की माझ्या अविचारामुळे हे घडले असून मी पद सोडण्याच्या विचारात आहे. आपण केलेल्या नेमणुकीची जबाबदारी लेखी घेणारा वरिष्ठ मी प्रत्यक्षात फार क्वचित पाहिला.

दुसरी गोष्ट मात्र चूक या शब्दात मावत नाही. सम्राट डायोक्लेशियनने ३०३ मध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला तेव्हा शिपायांनी धर्मग्रंथ जाळण्यासाठी मागितले आणि काही धर्मगुरूंनी भीतीने ते हवाली केले. हवाली करणारे ते ‘त्रादितोर’. अशा लोकांच्या हातून झालेली दीक्षा शुद्ध कशी, या वादातून आफ्रिकेतले चर्च दुभंगले आणि दोनातुसच्या अनुयायांचा वेगळा गट झाला. हिप्पोत तर त्याच गटाचे बहुमत होते. एका काळी त्यांच्या बिशपने गावातल्या भटारखान्यांना कॅथलिकांसाठी, म्हणजे ऑगस्टीन ज्यांचे त्या दुसऱ्या गटासाठी, पाव भाजायला बंदी केली होती. आपल्याकडच्या वाळीत टाकण्यासारखाच तो प्रकार. ऑगस्टीन आरंभी म्हणत की श्रद्धेच्या बाबतीत कोणावर सक्ती नको, वादविवादाने पटवावे. पुढे सम्राटाच्या कायद्यांच्या धाकाने गावेच्या गावे, त्यांचे स्वतःचे थागास्तेही, कॅथलिक झाल्याचे पाहून त्यांचे मत पालटले. ४०८ च्या एका पत्रात ते हा पालट मान्य करतात, आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या दाखल्यातले ‘त्यांना आत येण्यास भाग पाड’ हे शब्द सक्तीच्या समर्थनार्थ वापरतात. मारेकऱ्यांनाही देहदंड देऊ नका, अशी रदबदली त्यांनी केली, हे खरे. परंतु त्यांनी उघडलेले दार पुढच्या शतकांत त्यांच्याएवढी दया नसलेल्या लोकांनी वापरले.

मोन्ते सांतोवर उभे राहून हे विसरता येत नाही. १५९५ मध्ये गोव्याला आलेले आर्चबिशप आलेशू द मेनेझिस हे ऑगस्टिनियन होते. सांता मोनिकाचा मठ त्यांनीच स्थापला. त्यांनीच १५९९ मध्ये केरळातल्या उदयंपेरूर येथे सभा भरवून तिथल्या प्राचीन सुरियानी ख्रिस्ती लोकांना रोमच्या शिस्तीत आणले, आणि त्यांचे सुरियानी ग्रंथ दुरुस्तीसाठी किंवा जाळण्यासाठी हवाली करण्याचा हुकूम काढला. ग्रंथ हवाली करणे हे पाप, यावरून आफ्रिकेत शंभर वर्षे भांडण चालले, त्या भांडणात ऑगस्टीन यांनी आयुष्य घालवले, आणि त्यांच्याच नावाची वस्त्रे अंगावर घालणाऱ्याने बारा शतकांनी मलबारात ग्रंथ मागितले. त्या जांभ्या दगडांत मी हे दोन्ही ऑगस्टीन एकत्र पाहते, आणि एकाला दुसऱ्यापासून सोडवता येत नाही.

त्यांच्या अखेरच्या वर्षांतले एक पत्र दीड हजार वर्षे हस्तलिखितांत दडून होते. योहानेस दिव्याक या ऑस्ट्रियन अभ्यासकाने शोधलेली अशी २९ पत्रे १९८१ मध्ये छापली गेली. त्यांतल्या या पत्रात ऑगस्टीन इटलीत असलेल्या आलिपियुस या जुन्या मित्राला गुलामांच्या व्यापाऱ्यांविषयी लिहितात. टोळ्या रात्री खेड्यांवर धाड घालून माणसे पळवतात. हिप्पोतलीच एक बाई सरपण विकत घ्यायचे निमित्त करून डोंगराकडच्या बायकांना घरात नेते, कोंडते आणि विकते. ऑगस्टीन गावात नसताना त्यांच्या चर्चच्या माणसांनी सुमारे १२० जणांना सोडवले, त्यांपैकी जेमतेम पाच-सहा जण आईबापांनीच विकलेले निघाले. व्यापाऱ्यांविरुद्ध कायदा आहे, पण त्यातली शिक्षा म्हणजे शिसे लावलेल्या चाबकाचे फटके, ज्याने माणूस मरतो. म्हणून तो कायदा वापरायलाही ते कचरतात आणि मित्राला दुसरा उपाय शोधायला सांगतात. पत्राचा सूर संताचा नाही. हाताखाली पुरेशी माणसे नसलेल्या, रोज नवी तक्रार येणाऱ्या अधिकाऱ्याचा आहे.

२०२५ च्या ८ मे रोजी नवे पोप लिओ चौदावे व्हॅटिकनच्या सेंट पीटर बासिलिकेच्या सज्जात आले, आपण ऑगस्टीनचे पुत्र असल्याचे म्हणाले आणि त्यांचे एक वाक्य उद्धृत केले: तुमच्याबरोबर मी ख्रिस्ती आहे, तुमच्यासाठी मी बिशप आहे. मूळ प्रवचनात या वाक्याच्या आधी आणखी एक वाक्य आहे. तुमच्यासाठी मी जो आहे त्याची मला भीती वाटते, तुमच्याबरोबर मी जो आहे त्याने मला धीर येतो.

४२९ मध्ये व्हँडल टोळ्या स्पेनमधून आफ्रिकेत उतरल्या. धर्मगुरूंनी पळून जावे का, असे एका बिशपने विचारले तेव्हा ऑगस्टीन यांनी कळवले की जोवर लोक गावात आहेत तोवर त्यांची सेवा करणाऱ्याने गाव सोडू नये. ४३० मध्ये हिप्पोला वेढा पडला. आसपासचे बिशप, पोसिडियससुद्धा, तिथेच आसऱ्याला आले. तिसऱ्या महिन्यात ऑगस्टीन यांना ताप भरला. अंथरुणाला खिळले असताना कोणी एका आजाऱ्याला घेऊन आला आणि त्याच्यावर हात ठेवा म्हणाला. ते म्हणाले, माझ्यात तशी काही शक्ती असती तर ती मी आधी स्वतःवर वापरली नसती का? तो माणूस हटेना, मला स्वप्नात इथे यायला सांगितले आहे असे म्हणू लागला, तेव्हा त्यांनी हात ठेवला. तो बरा होऊन गेला, असे पोसिडियस लिहितो.

मृत्युपत्र त्यांनी केले नाही, कारण देण्यासारखे काही नव्हते. चर्चचे ग्रंथालय नीट जपावे एवढे मात्र ते सांगत असत. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे मोठ्या पानांवर लिहवून घेऊन त्यांनी ती पलंगासमोरच्या भिंतीवर लावायला सांगितली, आणि पडल्या पडल्या ती वाचत ते रडत असत. मग त्यांनी जवळच्यांना विनंती केली की वैद्य येतील तेव्हा आणि जेवण आणाल तेव्हाच काय ते आत या, एरवी कोणाला सोडू नका. या वेळी लोकांनी शब्द पाळला. आठवड्यातले पाच दिवस त्यांनी मागितले होते; २८ ऑगस्टला मृत्यू येण्यापूर्वी त्यांना सलग दहा मिळाले.